वसंत, वन आणि बालके : जबलपूरच्या निसर्गशाळेचा इतिहास

फाल्गुन लागला की जबलपूरभोवतीच्या टेकड्या पेटल्यासारख्या दिसू लागतात. पळसाला पान उरत नाही आणि फूल मात्र मावेनासे होते. सावरीच्या उघड्या फांद्यांवर तांबड्या वाट्या उमलतात, आणि होळीनंतरच्या पहाटे मोहाच्या झाडाखाली फुलांचा सडा पडतो. हा सोहळा दरवर्षी आपल्या दाराशी येतो व निघून जातो. तो मुलांना कोणी दाखवावा, कोठे दाखवावा आणि कसा दाखवावा, हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. त्यास या शहरात शेकडो वर्षांचा मागमूस आहे. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने त्या इतिहासाचा यथामती मागोवा घ्यावा, असे आम्ही योजिले आहे.

आजकाल ‘निसर्ग केंद्र’ हा शब्द रूढ झाला आहे. एखादे राखलेले रान, त्यात आखलेल्या पायवाटा, माहिती सांगणारा जाणता मनुष्य, आणि सुटीच्या दिवशी मुलाबाळांसह येणारी कुटुंबे, इतके जमले की निसर्ग केंद्र सिद्ध झाले. इमारत असली तर उत्तम, नसली तरी अडत नाही. या व्याख्येने पाहू गेल्यास आपल्या पूर्वजांची आवळीभोजने हीसुद्धा एक प्रकारची निसर्ग केंद्रेच होत. कार्तिकात आवळीच्या झाडाखाली पंगत मांडावी, मुलांनी झाडावर चढावे, आजीने आवळ्याचे गुण सांगावेत, हा अभ्यासक्रम कोणी छापला नव्हता, तरी तो पिढ्यान् पिढ्या चालला. चैत्रातील हळदीकुंकू, कैरीची डाळ, पन्हे, पाडव्याचा कडुनिंब आणि अंगणातील चैत्रांगणाची रांगोळी ही त्याच शाळेची वसंतातील पाने. इकडे महाकोशलातही कार्तिकात आवळा नवमी होते, आणि चैत्री नवरात्रात गव्हाचे जवारे रुजवून ते मिरवत पाण्याकाठी नेतात. नावे निराळी, परंतु ऋतूकडे पाहण्याची दृष्टी एकच.

गढ्याची तळी

जबलपूरच्या निसर्गाचा इतिहास सांगू लागले की आरंभ पाण्यापासून करावा लागतो. आजच्या शहराच्या पश्चिमेस गढा हे गोंड राजांचे जुने स्थान. मदनमहालाच्या टेकडीवर काळ्या ग्रॅनाइटच्या प्रचंड शिळा एकमेकींवर कशाबशा तोलून उभ्या आहेत. पावसाचे पाणी या खडकांवरून वाहून जाई. ते अडवून तळ्यात साठवावे ही गोंड राजवटीची दृष्टी. संग्रामशाहाच्या नावाचा संग्रामसागर आजही आहे. त्याची सून राणी दुर्गावती (१५२४ ते १५६४) हिच्या नावाने राणीताल, तिच्या दासीच्या नावाने चेरीताल आणि दिवाण आधारसिंह याच्या नावाने आधारताल, अशी परंपरा सांगतात. बावन तळ्यांचे गाव अशीच या गावाची ख्याती होती. राणी, दिवाण आणि दासी या तिघांची नावे एकाच मापाने पाण्याला मिळावीत, ही गोष्ट मुलांना आवर्जून सांगण्यासारखी आहे.

दुर्गावतीने २४ जून १५६४ रोजी मोगल सैन्याशी लढताना देह ठेविला, हे शाळेच्या पुस्तकात असते. तिच्या काळच्या तळ्यांनी भूजल राखले, बागा पोसल्या, हिवाळ्यात परदेशी बदके उतरविली, हे पुस्तकात नसते. आज यांतील कित्येक तळी बुजली. राणीतालच्या जागी क्रीडासंकुल आहे, भंवरताल ही बाग आहे. वस्तीच्या नावात ‘ताल’ आहे, पण वस्तीत पाणी नाही. नाव उरले आणि वस्तू गेली, असा हा प्रकार. त्याच्या नेमका उलट प्रकार आपल्या मराठी घरांत घडतो आहे. त्याकडे आम्ही पुढे येऊच.

भंवरताल बागेतील एका वृक्षास मात्र निराळीच प्रसिद्धी लाभली. येथील महाविद्यालयात शिकणाऱ्या रजनीशांनी, जे पुढे ओशो म्हणून ओळखले गेले, २१ मार्च १९५३ रोजी याच बागेतील मौलश्रीच्या झाडाखाली आपणांस आत्मज्ञान झाल्याचे सांगितले. त्या दाव्याविषयी ज्याने त्याने आपले मत ठेवावे. आम्हांस येथे एवढेच सांगावयाचे आहे की मौलश्री म्हणजे आपली बकुळ. हे झाड पाहावयास दूरदूरहून लोक येतात, आणि त्याच बागेत खेळणाऱ्या मराठी मुलास ही बकुळ आहे हे ठाऊक नसते.

स्लीमनची टेकडी

१७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचा मुलूख घेतला, १७९८ मध्ये तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला, आणि १८१७ च्या अखेरीस येथे इंग्रजी अंमल बसला. नव्या राज्यकर्त्यांपैकी विल्यम स्लीमन हा अधिकारी ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध आहे. परंतु जबलपूरच्या निसर्गेतिहासात त्याचे स्थान वेगळ्याच कारणाने आहे. १८२८ मध्ये छावणीजवळच्या बडा शिमला टेकडीवर त्यास दगड झालेली प्रचंड हाडे सापडली. ती पुढे कलकत्त्यास जेम्स प्रिन्सेप याच्याकडे पोहोचली. ‘डायनोसॉर’ हा शब्दही तेव्हा जन्मास आला नव्हता; तो १८४२ मधला. १८७७ मध्ये रिचर्ड लायडेकर याने या हाडांवरून ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिले. १९१७ पासून चार्ल्स मॅटली याने याच टेकडीवर पुन्हा खोदकाम केले आणि आणखी अनेक जातींचे अवशेष हाती आले. पुढे १९८० च्या दशकात जबलपूरच्या खडकांतून डायनोसॉरच्या अंड्यांची कवचेही अभ्यासकांनी नोंदविली.

ही टेकडी गन कॅरेज फॅक्टरीच्या परिसरातली. १९०४ मध्ये सुरू झालेल्या या कारखान्यात किती मराठी कुटुंबांनी हयात घालविली, हे वाचकांस सांगावयास नको. ज्या टेकडीच्या पायथ्याशी आपले वडील सायकलवरून कामास जात, तेथे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी महाकाय सरडे हिंडत होते! मुलांची जिज्ञासा जागी करावयास याहून मोठे साधन कोठले? लम्हेटाघाटच्या नावावरून या खडकांच्या थरास ‘लमेटा’ म्हणतात, आणि भूशास्त्राच्या जगात ते नाव सर्वतोमुखी आहे. भेडाघाट-लम्हेटाघाट हा टापू २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेला, तो या थरांच्या आणि संगमरवराच्या जोरावर.

या संदर्भात आणखी एक उदाहरण आम्हां सरकारी नोकरांस विशेष अभिमानाचे वाटते. १९७० च्या दशकात मंडला जिल्ह्याचे सांख्यिकी अधिकारी डॉ. धर्मेंद्र प्रसाद यांनी घुघुआ येथील दगड झालेल्या झाडांकडे लक्ष वेधले. आकडेमोडीच्या खात्यातील या अधिकाऱ्याने सवडीच्या वेळी रानात हिंडून जे टिपले, त्यातून १९८३ मध्ये राष्ट्रीय जीवाश्म उद्यान उभे राहिले. तेथे ताडवृक्षांचे व निलगिरीच्या कुळातील झाडांचे अवशेष आहेत. पाहणे हा काही केवळ पदवीधर शास्त्रज्ञांचा मक्ता नव्हे, हाच याचा अर्थ.

पाण्याने राखलेले रान

आता आजच्या मुख्य विषयाकडे वळू. जुनी तळी अपुरी पडू लागली तेव्हा शहराच्या पूर्वेस खंदारी नाल्यावर बांध घालण्यात आला. १८८३ च्या सुमारास हे जलाशयाचे काम पुरे झाले, आणि त्यास शहरातील सेठ गोकुळदास यांचे साहाय्य होते. योगायोग असा की १८८३ हेच मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या स्थापनेचेही वर्ष होय. मुंबईत निसर्गाच्या अभ्यासासाठी संस्था निघाली आणि जबलपुरात पिण्याच्या पाण्यासाठी जलाशय झाला. पण या दुसऱ्या गोष्टीचाही परिणाम अखेर निसर्गाच्या पथ्यावर पडला. जलाशयात गाळ येऊ नये, पाणी निर्मळ राहावे म्हणून भोवतीचे पाणलोट क्षेत्र राखावे लागले. वस्ती होऊ दिली नाही, नांगर फिरू दिला नाही. पाण्यासाठी रान राखले, आणि रानामुळे चितळ, रानडुक्कर, साळिंदर, कोल्हे व असंख्य पक्षी राहिले.

आज महानगरपालिकेच्या देखरेखीखालील डुमना निसर्ग उद्यान म्हणून आपण ज्यास ओळखतो ते हेच रान. विमानतळाच्या वाटेवर, सुमारे १०५८ हेक्टरांचा हा विस्तार आहे. एवढ्या मोठ्या शहरास इतक्या जवळ इतके सलग रान लाभावे, हे भाग्य मोठमोठ्या नगरांना नाही. मुंबईत माहीम-धारावीच्या कडेस कचऱ्याच्या ढिगावर माती पसरून, एकेक झाड लावून महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभे करावे लागले. ३७ एकरांचे ते उद्यान १९९४ मध्ये लोकांना खुले झाले, आणि हजारो शाळकरी मुलांची निसर्गाशी पहिली ओळख तेथे झाली. जबलपूरला त्याच्या सत्तरपट रान आयते मिळाले आहे. आयत्या मिळालेल्या वस्तूची किंमत कळण्यास वेळ लागतो, हीच काय ती अडचण.

शिक्षणाचा प्रवाह

रान असले म्हणजे निसर्गशिक्षण झाले, असे नव्हे. मुलांना उघड्यावर न्यावे, वस्तू आधी दाखवावी व शब्द मागून सांगावा, हा विचार विसाव्या शतकाच्या आरंभी ठिकठिकाणी प्रबळ झाला. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातील ॲना कॉमस्टॉक या विदुषींनी १९११ मध्ये शिक्षकांसाठी निसर्ग-अभ्यासाचा जाडजूड ग्रंथ सिद्ध केला. त्याच्या दहा वर्षे आधी, १९०१ मध्ये, रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनात झाडांखाली वर्ग भरविले होते. तेथील वसंतोत्सव आणि १९२८ पासूनचा वृक्षारोपणाचा उत्सव प्रसिद्धच आहे.

महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी याच विचारास निराळे रूप दिले. १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू झालेले त्यांचे कार्य १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणातच वर्ग भरविला. या ‘कुरणशाळे’त पाने, बिया, खडे, पक्षी हेच साहित्य होते. आज निसर्ग केंद्रांच्या कार्यक्रमपत्रिकेत ज्यांना ‘उपक्रम’ म्हणतात, त्यांतील पुष्कळसे या दोन स्त्रियांनी विनाखर्च करून दाखविले होते. आपण मराठी माणसांनी ही परंपरा विसरू नये.

मध्य प्रदेशात या प्रवाहास बळ मिळाले ते कान्ह्यामुळे. १९५५ मध्ये कान्हा राष्ट्रीय उद्यान झाले, १९७३ मध्ये तेथे व्याघ्र प्रकल्प आला. कठीण भूमीवर राहणाऱ्या बारासिंग्यांची संख्या १९७० मध्ये अवघी ६६ उरली होती. कुरणे राखली, कुंपणात सुरक्षित वाढू दिले, आणि आज तो कळप कित्येक शेकड्यांवर गेला आहे. कान्ह्यातच अहमदाबादच्या पर्यावरण शिक्षण केंद्राच्या व अमेरिकी राष्ट्रीय उद्यान सेवेच्या साहाय्याने प्रेक्षकांसाठी माहिती केंद्रे उभी राहिली. त्या सेवेशी निगडित असलेल्या फ्रीमन टिल्डन या लेखकाने १९५७ मध्येच एक मार्मिक तत्त्व मांडिले होते : मुलांना सांगावयाचे म्हणजे मोठ्यांचे व्याख्यान पाणी घालून पातळ करणे नव्हे; त्यासाठी मुळातच वेगळी रीत हवी. २०१७ मध्ये कान्ह्याने ‘भूरसिंग’ नावाचा बारासिंगा आपले मानचिन्ह म्हणून पुढे आणला, तेव्हा हे तत्त्व चांगलेच मुरले आहे असे दिसले. वाघाच्या मागे धावणाऱ्या पाहुण्यांना बारासिंग्याकडे वळविण्याची ही युक्ती होती.

जबलपुरात १९६३ मध्ये राज्य वन संशोधन संस्था आणि १९८८ मध्ये मंडला मार्गावर केंद्र सरकारची उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्था स्थापन झाली. भारतीय वानिकी संशोधन परिषदेने २०१८ मध्ये केंद्रीय विद्यालये व नवोदय विद्यालये यांच्याशी ‘प्रकृती’ या नावाने करार केला. त्यामुळे शास्त्रज्ञ व विद्यार्थी यांची गाठ पडू लागली. वनखात्याचा ‘अनुभूती’ हा शिबिरांचा कार्यक्रमही शाळकरी मुलांना रानात घेऊन जातो. त्याआधी १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणाचे शिक्षण अनिवार्य करावे असा आदेश दिला होता. सारांश, योजना पुष्कळ आहेत. तथापि त्यांपैकी बहुतेक शाळांमार्फत चालतात. त्यात आईबाप नसतात, आजीआजोबा नसतात. कुटुंब एकत्र रानात जावे, ही आवळीभोजनाची मूळ कल्पना तेवढी मागे राहिली.

झाड आहे, नाव नाही

मागील वसंतात मंडळातील काही कुटुंबांसमवेत आम्ही डुमन्यास गेलो होतो. पहाटेची वेळ होती. एका मोहाखाली मुले रसाळ, फिकट पिवळी फुले वेचीत होती. ‘महुआ, महुआ’ असा कल्लोळ चालला होता. बरोबरच्या एक वयोवृद्ध मावशी म्हणाल्या, “अरे, हा तर मोह. आमच्या भंडाऱ्याला याचीच पोती भरत असत.” मुले थबकली. त्यांतील एकाने विचारले, “आजी, म्हणजे याला आपल्यातही नाव आहे?”

हा प्रश्न ऐकून आम्ही क्षणभर निरुत्तर झालो. मूल अडाणी नव्हते. शाळेत त्याने झाडाचे हिंदी नाव शिकले होते, इंग्रजीही ठाऊक होते. मराठीत त्या झाडाला नाव असेल, ही शक्यताच त्याच्या मनात कधी आली नव्हती. राणीतालात नाव उरले आणि पाणी गेले. आपल्या घरात झाड समोर आहे आणि नाव गेले. तळे बुजते तेव्हा गाव ते पाहते. नाव बुजते तेव्हा आवाजही होत नाही.

वास्तविक हे रान आपल्याला परके नाही. मुंबई-कलकत्ता लोहमार्ग १८७० मध्ये जबलपुरात जुळला तेव्हापासून, आणि पुढे नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांताच्या काळात, आपली माणसे विदर्भातून येथे आली. भंडारा, बालाघाट, शिवनी, मंडला, जबलपूर हा सारा एकाच रानाचा विस्तार. १९५६ मध्ये राज्यांच्या सीमा बदलल्या, झाडांच्या बदलल्या नाहीत. येथील टेसू म्हणजे पळस, सेमल म्हणजे सावर, अमलतास म्हणजे बहावा, साजा म्हणजे ऐन, कचनार म्हणजे कांचन, हर्रा म्हणजे हिरडा, गूलर म्हणजे उंबर. ज्याची चिरौंजी आपण शिऱ्यात घालतो ती चारोळी. मध्य प्रदेशाचा राज्यपक्षी दूधराज म्हणजे आपला स्वर्गीय नर्तक, आणि झाडीतून घुमणारा महोख तो आपला भारद्वाज. मारुती चितमपल्ली यांनी हयातभर रानात हिंडून गोंड, माडिया व इतर रानवासीयांकडून शब्द गोळा केले आणि मराठीस दिले. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी जमविलेले धन वापरणारे कोणी उरले नाही, तर तो दोष कोणाचा?

आम्ही हिंदीचा दुस्वास करीत नाही. हिंदीनेच आपल्याला येथे भाकरी व सन्मान दिला. परंतु एका झाडाची दोन नावे ज्यास ठाऊक आहेत, तो त्या झाडाकडे दोनदा पाहतो, असा आमचा अनुभव आहे.

मंडळाकरिता एक योजना

यास्तव मंडळाने दर वर्षी वसंतात कुटुंबांसाठी निसर्ग-परिचयाचे चार रविवार ठेवावेत, अशी आमची नम्र सूचना आहे. त्यास फारसा खर्च नाही. सकाळी सहा ते नऊ ही वेळ ठेवावी, कारण चैत्रात नंतर ऊन सोसत नाही आणि पक्षीही गप्प होतात. एका जाणत्यामागे वीसहून अधिक मुले नसावीत. व्याख्यान नको. आरंभी दहा मिनिटे सर्वांनी मुकाट्याने बसावे व कानावर किती निरनिराळे आवाज पडले ते मोजावे. मोठ्यांना ही दहा मिनिटे मुलांहून जड जातात, हे आम्ही पाहिले आहे.

पहिला रविवार पक्ष्यांचा असावा. फेब्रुवारीच्या मध्यास चार दिवस साऱ्या जगात घराजवळच्या पक्ष्यांची गणना होते. भारतात ती २०१३ पासून चालू आहे. तीत पंधरा मिनिटे पाहून नोंद करणारे शाळकरी मूलही सहभागी होऊ शकते. दुसरा रविवार पळस व सावरीचा. या फुलांवर शिंजीर, मैना, बुलबुल आणि खारी का येतात, तांबड्या रंगाचे व मधाचे नाते काय, हे झाडाखाली बसूनच कळते. तिसरा रविवार खडकांचा ठेवावा. मदनमहाल, लम्हेटाघाट आणि भेडाघाट या क्रमाने गेल्यास ग्रॅनाइट, लमेटा थर व संगमरवर हा पृथ्वीचा इतिहास एका दिवसात वाचता येतो. चौथा पाडव्यानंतरचा, मोहाचा. त्या दिवशी आजीआजोबांनी सांगावे व बाकीच्यांनी ऐकावे.

प्रत्येक घराने एक वही घालावी. पहिला पळस कोणत्या तारखेस फुलला, मोह कधी गळू लागला, कोकीळ प्रथम कधी बोलला, एवढेच तीत लिहावे. एका वर्षाची वही ही करमणूक होय. दहा वर्षांच्या वह्या एकत्र ठेवल्या तर तो दस्तऐवज होतो. हवामान बदलत असल्याची चर्चा सर्वत्र चालते. आपल्या शहरापुरता तिचा पडताळा पाहण्यास याहून साधा उपाय नाही. सरकारी दप्तरात उमेद घालविलेल्या आमच्यासारख्यांना नोंदीचे मोल कोणी शिकवावयास नको.

मंडळाच्या पन्नास वर्षांत गणेशोत्सव झाले, नाटके झाली, व्याख्याने झाली. भाषा टिकविण्यासाठी हे सारे आवश्यक होते आणि आहे. पण भाषा केवळ सभागृहात जगत नाही. ती झाडाच्या, पाखराच्या, पाण्याच्या नावांत जगते, आणि ती नावे वस्तू समोर असतानाच मुलाच्या तोंडी बसतात. खंदारीचे पाणी ज्यांनी अडविले, त्यांनी ते आपल्यासाठी नव्हे तर पुढच्यांसाठी अडविले. येत्या फाल्गुनात पळस फुलेल तेव्हा पहिली वही उघडावी. मंडळाच्या कार्यालयातील कपाटात तिच्यासाठी जागा करून ठेवण्याचे काम आम्ही आपणहून अंगावर घेत आहोत.